दुसरा कागद



गेल्या जून महिन्यात, शाळा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी, धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मुलांना कोरे कागद वाटले आणि 'माझे गाव' हे चित्र काढायला सांगितले. तीसेक मुले होती. अर्ध्या तासाने कागद गोळा केले. जवळजवळ प्रत्येक कागदावर दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून वाहत आलेली नदी, काठावर झोपडी आणि नारळाचे झाड! आता तुम्हीच सांगा, आपल्या वळसंगच्या आसपास डोंगर कोठे आहे? सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर उभे राहून चहूकडे पाहिले तर तुरीची नि ज्वारीची शेते, बाभळी, लिंब आणि वर भले मोठे आभाळ. नारळ आपण पाहतो तो दुकानात, नाहीतर लग्नात.

मला आधी हसू आले. मग जरा वाईट वाटले. मुले खोटे बोलली नव्हती. 'देखावा' म्हणजे असा, हे त्यांना कोणीतरी कधीतरी शिकवले होते आणि त्यांनी ते आज्ञाधारकपणे कागदावर उतरवले होते. गाव डोळ्यांसमोर होते, हात मात्र दुसऱ्याच कोणाचे तरी ऐकत होता.

त्या दिवसापासून जे सुरू झाले त्याची थोडी माहिती आपल्यापैकी काही पालकांना आहे. आठवी-नववीतली आठ मुले दर शनिवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये बसू लागली. प्रत्येकाने आपला एक विषय निवडायचा, पायी जाऊन रोज पाहता येईल असा. एक वही ठेवायची, तारीख घालून. मोठ्या कागदाला हात लावण्यापूर्वी वहीत आगपेटीएवढी निदान दहा लहान चित्रे काढायची. मोबाइलवरून काही उतरवायचे नाही. पाच-सहा महिन्यांनी ज्याचे त्याने आपले चित्र पुरे करायचे. मी चित्रकार नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, चित्रकला शाळेत जेवढी झाली तेवढीच. म्हणून मी फक्त विचारायचो. काय पाहिलेस? कोठे अडलास? पुढे काय करून पाहणार?

पालकांनी मला साहजिकच दुसरे प्रश्न विचारले. याचे गुण मिळतात का? सर्टिफिकेट आहे का? त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा आपल्या महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत, त्यांच्या श्रेणीनुसार दहावीला जादा गुण मिळतात आणि गरिबाच्या मुलाला दोन-चार गुणांचीही किंमत असते. वस्तुचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन यांनी हाताला वळण लागते. फक्त स्मरणचित्राचा पेपर पाहताना मला गंमत वाटते. स्वतःच्या आठवणीतले काढायचे म्हणून तो विषय, आणि पुष्कळ मुले मार्गदर्शक पुस्तकातला 'बाजार' किंवा 'पाणवठा' पाठ करून जातात! म्हणजे आठवणसुद्धा उसनी.

पण आज मला लिहायचे आहे ते मुलांच्या चुकीबद्दल नाही. शिकवणाऱ्याच्या चुकीबद्दल लिहायचे आहे, आणि ती चूक माझी आहे.

दीक्षा होऊन दोन-तीन वर्षे झाली असतील तेव्हाची गोष्ट. दुसऱ्या एका ठिकाणी मुलांच्या बोर्डिंगची जबाबदारी माझ्याकडे होती. तेथील सातवीतल्या एका मुलाचा हात चांगला होता. एक चित्रकला स्पर्धा जाहीर झाली आणि त्याने शेवटच्या भोजनाचे चित्र काढायला घेतले. शिष्य छान जमले होते. कोणी पोळीचा तुकडा मोडतोय, कोणी भिंतीला टेकून पेंगतोय, अगदी आमच्या बोर्डिंगच्या पंगतीसारखे. येशूचा चेहरा मात्र त्याला जमेना. तीनदा खोडले, कागद खरबरीत झाला. उद्या चित्र पाठवायचे होते. मी म्हणालो, "दे इकडे." आणि मी चेहरा काढला. मग चेहऱ्याला शोभतील म्हणून हात दुरुस्त केले. मग पेंगणारा शिष्य बरा दिसत नाही म्हणून त्याला जागा केला.

चित्राला बक्षीस मिळाले. मी सकाळच्या मिस्सेनंतर सर्वांपुढे त्याचे नाव घेतले, टाळ्या झाल्या. मुलगा मान खाली घालून उभा होता. मला वाटले, लाजतोय. त्यानंतर त्याने चित्र काढल्याचे मला आठवत नाही. पुष्कळ वर्षांनी तो एका लग्नात भेटला, नोकरीला लागलेला, दोन मुलांचा बाप. मी जुन्या बक्षिसाची आठवण काढली. तो हसून म्हणाला, "फादर, ते तर तुमचं चित्र होतं की." रागाने नाही म्हणाला. सहज म्हणाला. म्हणूनच ते वाक्य अजून माझ्या मनातून जात नाही.

मी काय केले होते? चोरी म्हणावी तर मला काही मिळाले नव्हते. खोटे म्हणावे तर मी कोणाशी खोटे बोललो नव्हतो. मी मदत केली होती, प्रेमाने केली होती. मग माझ्या मदतीने त्या मुलाचे काहीतरी गेले ते कसे? नीतिशास्त्राच्या वर्गात आम्ही मोठमोठे प्रश्न सोडवत असू. या लहान प्रश्नाचे उत्तर मला त्या वर्गाच्या वहीत सापडले नाही.

पण त्या शाळेतलेच दोन गुरू या बाबतीत माझ्या कामी आले. संत ऑगस्टीन यांनी इसवी सन ३८९ च्या सुमारास 'गुरूविषयी' नावाचे एक लहान पुस्तक लिहिले. ते म्हणजे त्यांचा आणि त्यांचा मुलगा अदेओदातुस याचा संवाद. त्यात त्यांचे म्हणणे असे की, शब्द हे खुणेच्या बोटासारखे असतात. गुरू बोट दाखवतो, पाहावे लागते ते शिष्याला आपल्या आत, आणि आत शिकवणारा गुरू हा ख्रिस्तच आहे. पण मला त्या पुस्तकापेक्षाही त्याच्यामागची एक गोष्ट अधिक भिडते. अदेओदातुस लहान वयातच वारला. पुढे आपल्या आत्मकथनात ऑगस्टीन मुद्दाम नोंदवून ठेवतात की, त्या संवादात मुलाच्या तोंडी जे विचार आहेत ते खरोखर त्याचेच आहेत आणि तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. परमेश्वराला साक्षी ठेवून सांगतात. केवढा मोठा विद्वान, पुढे बिशप झालेला, पुस्तकावर स्वतःचे नाव असलेला! मुलगा तर आता हक्क सांगायला या जगातही नव्हता. तरी बाप सांगतो की, हे माझे नाही, त्याचे आहे. मी माझ्या बोर्डिंगच्या मुलाबाबत नेमके उलटे केले होते. माझे होते ते त्याचे म्हणून सांगितले होते.

दुसरे गुरू म्हणजे तेराव्या शतकातले संत थॉमस अक्वायनस. ते शिक्षकाची तुलना वैद्याशी करतात. रोगी बरा होतो तो मुख्यतः त्याच्या शरीरात निसर्गाने ठेवलेल्या शक्तीने, वैद्य त्या शक्तीला हातभार लावतो. तसेच शिकणाऱ्याच्या बुद्धीत समजण्याची शक्ती देवाने आधीच ठेवलेली आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. वैद्य औषध देतो. 'तुझ्या शरीरात शक्ती आहे, तूच बरा हो' असे म्हणून तो घरी जात नाही. पण रोग्याच्या वतीने जेवणारा वैद्य कोणी पाहिला आहे का?

उत्पत्तीच्या पुस्तकातला दुसरा अध्याय आपण अनेकदा ऐकला आहे. परमेश्वर पशुपक्षी घडवतो आणि त्यांना माणसापुढे आणतो, हा त्यांना काय नाव देतो ते पाहण्यासाठी. ज्याने हत्ती घडवला त्याला हत्तीला नाव सुचले नसते काय? पण तो थांबतो. प्राणी आणून देण्याचे काम त्याचे, नाव देण्याचे काम माणसाचे.

आपल्या महाराष्ट्रात याचे एक सुंदर उदाहरण घडले आहे. डहाणूच्या बाजूला वारली लोकांत लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढतात. ते काम बायकांचे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार या पाड्यांवर गेले. त्यांनी तेथील लोकांना कागद आणि पांढरा रंग दिला. काय काढायचे ते सांगितले नाही. जिव्या सोमा मशे यांच्या हाती तो कागद आला आणि भिंतीवरच्या चौकाबाहेर मासेमारीचे जाळे, मुंग्या, पाखरे, माणसांचे थवेच्या थवे असे सगळे जग त्यांनी त्यावर आणले. पुढे देशोदेशी त्यांची चित्रे गेली, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते वारले. कुलकर्णींचे नाव आज फार थोड्यांना माहीत आहे. त्यांना शरीररचना ठाऊक नव्हती काय? दोन त्रिकोणांनी माणूस होत नाही, असे म्हणून ते मशेंचा हात धरू शकले असते. मग वारली चित्रे राहिली नसती, कुलकर्णींच्या चित्रांच्या नकला राहिल्या असत्या.

आता आपल्या हॉलमध्ये परत येऊ या.

नववीतल्या एका मुलीने विषय निवडला नळावरच्या घागरींचा. पाणी केव्हा येते आणि किती वेळ येते, हे मी तुम्हांला सांगायला नको. माणसे कामाला जातात, घागर रांगेत उभी राहते. कोणाच्या घागरीच्या गळ्याला लाल दोरा, कोणाच्या पोटावर ऑइलपेंटचा ठिपका, कोणाचे कान जळलेले. घागर म्हणजे तेवढ्यापुरता माणूसच, आणि तिचा नंबर गेला तर भांडण. मुलीने वहीत या घागरी काढायला सुरुवात केली. माझ्या डोक्यात लगेच शोमरोनी स्त्री आली! याकोबाची विहीर, भरदुपार, पाणी मागणारा येशू. शिवाय १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या गावी आले होते आणि त्या भेटीची आठवण ज्या विहिरीशी जोडलेली आहे, ती विहीरही आली. केवढे मोठे चित्र होईल, असे मला वाटले. तोंडातून शब्द बाहेर पडणार इतक्यात मला तो लग्नातला हसरा चेहरा आठवला, आणि मी चहा आणायला उठलो.

पुढचे दोन शनिवार मी गप्प राहिलो. पण मग मनात दुसरी टोचणी सुरू झाली. ज्ञान असून ते न देणे हेही एक प्रकारे लपवणे नव्हे काय? मुलीला जे ठाऊक नाही ते तिने कोठून निवडावे? पुष्कळ विचार करून मी एक सीमा आखली, ती बरोबर असेल की नाही ते तुम्ही सांगा. जे बाहेर आहे ते द्यावे: माहिती, रंग, एखाद्या जाणत्या माणसाची भेट, एखादी जागा. त्याचा अर्थ मात्र आपण देऊ नये. मी तिला एवढेच म्हणालो की त्या विहिरीवर जाऊन ये, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचार की पूर्वी पाणी कसे भरत.

ती जाऊन आली. शनिवारी वही उघडून बसली, बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारले, "फादर, ज्यांना विहिरीला शिवू देत नव्हते, त्यांच्या घागरी कुठं ठेवायच्या?"

मी म्हणालो, "लांब. कोणीतरी येऊन पाणी ओतेल म्हणून वाट पाहत."

"किती लांब?"

याचे उत्तर मजजवळ नव्हते. तत्त्वज्ञानाच्या पदवीत ते नसते.

घागर काढणे दिसते तेवढे सोपे नाही. तोंड लंबवर्तुळाकार दिसते आणि बूडही गोलच असते. पण तोंड जर वरून पाहत असू तर बुडाची कड सरळ रेषेत येत नाही, तीही वाकते, आणि तोंडापेक्षा थोडी जास्तच. तिच्या सगळ्या घागरी फळीवर कापून ठेवल्यासारख्या दिसत होत्या. ती रडकुंडीला आली. माझा हात शिवशिवला, पेन्सिल तिच्या कागदापर्यंत गेलीही. मग मी माझ्या वहीचे एक पान फाडले, हॉलमधला पाण्याचा जग टेबलावर ठेवला आणि त्या पानावर त्याचे तोंड आणि बूड काढून दाखवले. तिने पाहिले. ते पान बाजूला सारले आणि आपल्या कागदावर पाचव्यांदा घागर काढली. अजून जरा कललेलीच होती, पण आता ती जमिनीवर उभी होती.

तेव्हापासून हा आमच्या हॉलचा नियम झाला आहे. दाखवायचे असेल तर दुसऱ्या कागदावर. मुलाच्या कागदाला फादरने, आईने, मोठ्या भावाने कोणीच हात लावायचा नाही. आता तर मोबाइलला सांगितले की तोही क्षणात चित्र तयार करून देतो, आणि आपण त्या यंत्राला नावे ठेवतो. बोर्डिंगमधल्या त्या रात्री त्या मुलाच्या दृष्टीने मी तरी त्याहून वेगळा काय होतो?

गेल्या महिन्यात पॅरिश कौन्सिलच्या सभेला आलेल्यांनी भिंतीला टेकवलेली ही अर्धी-मुर्धी चित्रे पाहिली. एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, "फादर, चर्चच्या हॉलमध्ये घागरी, टायर आणि कोंबड्या कशाला? मुलांना पवित्र मरियेचे चित्र काढायला सांगायचे होते." त्यांच्या मनात श्रद्धाच होती, हे मी जाणतो. त्यांच्यासाठी, आणि माझ्यासाठीही, मला आंजेलो द फोन्सेका यांच्याविषयी सांगावेसे वाटते. १९०२ मध्ये गोव्यात एका कॅथलिक घराण्यात जन्मलेले हे चित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील पाश्चात्त्य धाटणीचे शिक्षण त्यांनी अर्ध्यावर सोडले आणि ते शांतिनिकेतनला गेले. अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस हे त्यांचे गुरू. दोघेही ख्रिस्ती नव्हते. पण त्यांच्याकडे शिकून फोन्सेकांनी जी मरिया काढली ती साडी नेसलेली, आपल्या मातीतली आई होती. गोव्यात ती आपल्याच लोकांना रुचली नाही. ते पुण्याला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिले आणि अखेरपर्यंत चित्रे काढत राहिले. १९६७ मध्ये ते वारले. दोनच वर्षांपूर्वी दुसरी व्हॅटिकन परिषद संपली होती आणि स्थानिक संस्कृतीला उपासनेत जागा देण्याची भाषा सर्वत्र सुरू झाली होती. परक्यांनी त्यांचे डोळे उघडे ठेवले होते, आणि 'मरिया अशी नसते' असे म्हणणारे आपणच होतो. त्या सदस्यांनी हे ऐकून घेतले. पटले असे म्हणाले नाहीत, पण त्या मुलीला त्यांनी विचारले की निळी घागर कोणाची. ती म्हणाली, "तुमच्या शेजारची." सगळे हसले.

हे सर्व वाचून कोणाला वाटेल की फादरना आता मार्गदर्शन जमू लागले. तसे नाही. आठांपैकी सात मुले राहिली. आठवा मुलगा, ज्याने वडिलांच्या टेम्पोच्या झिजलेल्या टायरांचा विषय निवडला होता, तीन शनिवार कोरी वही घेऊन आला. मी प्रत्येक वेळी म्हणालो, "घाई नाही, तुझा तू पाहा." मला वाटत होते की मी त्याला मोकळीक देतो आहे. चौथ्या शनिवारी तो आला नाही. नंतर कळले की वडील टेम्पो विकून बाहेरगावी कामाला गेले होते, पाहायला टायरच राहिले नव्हते, आणि हे सांगायचे कोणाला ते त्याला कळत नव्हते. मी 'काय पाहिलेस' एवढेच विचारत राहिलो. 'काय झाले' असे विचारले नाही. बोर्डिंगमधल्या मुलाच्या कागदात मी फार शिरलो. याच्या बाबतीत कागदाला हात लावायचा नाही या नियमामागे मी खुशाल बसून राहिलो. दूर राहणे आणि मोकळे सोडणे बाहेरून अगदी सारखे दिसते, आणि आतूनही पुष्कळदा फरक कळत नाही, निदान मला कळला नाही.

त्याची वही अजून माझ्या टेबलावर आहे. पहिल्या पानावर एकच टायर आहे, फार चांगला काढलेला. मंगळवारी संध्याकाळी मी ती घेऊन त्याच्या घरी जाणार आहे.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर हॉलमध्ये सात चित्रे लावलेली असतील. घागरींच्या चित्रात रांग संपल्यावर बरीच मोकळी जागा सोडून एक घागर एकटी ठेवलेली आहे. ती तेथे का आहे, हे मला विचारू नका. चित्राशेजारी मुलगी उभी असेल, तिला विचारा. चित्राच्या मागे तिने पेन्सिलीने आपले नाव लिहिले आहे आणि खाली एक ओळ: आजीने सांगितले, फादरनी जग काढून दाखवला.

ख्रिस्तात आपला,
फादर